घरचा साक्षीदार

सांता क्लारा,
१२ जानेवारी १९८६

प्रिय श्रीरंग,

पाकीट पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. फोनच केला असता, पण आमचा फोन स्वयंपाकघरात आहे, तिथे सुलेखा असते, आणि जे विचारायचंय ते तिच्यादेखत विचारता येत नाही.

सुलेखाला सोळावं लागलंय. गेली दोन वर्षं आम्हा बापलेकींचं बोलणं म्हणजे 'ओके, डॅड' आणि 'आय नो, डॅड'. गाडीत बसली की कानाला वॉकमन, घरात आली की खोलीचं दार बंद. मालिनी म्हणते, या वयात असंच असतं. असेल. पण मला ते फार लागत होतं, तू म्हणून सांगतो.

आणि मागच्या सोमवारी चमत्कार झाला. त्यांना इतिहासात अमेरिकेतलं साठचं दशक आहे. मिसेस डोलन नावाच्या त्यांच्या बाईंनी फर्मान काढलंय, की त्या काळात इथे हजर असलेला माणूस गाठा, त्याच्या मुलाखती टेप करा आणि त्यावर प्रबंध लिहा. सुलेखाच्या लक्षात आलं, की आपला बाप सहासष्टच्या सप्टेंबरपासून या देशात आहे. साक्षीदार घरातच! आता जेवणं झाली की ती टेपरेकॉर्डर घेऊन माझ्यासमोर बसते, लाल बटण दाबते आणि विचारते, "डॅड, तेव्हा देशात काय चाललं होतं?"

श्रीरंग, काय चाललं होतं रे?

मला खरंच काही आठवत नाही. आपली ओहायोतली खोली आठवते. तू भात करपवायचास ते आठवतं. कुकरची रिंग फाटली आणि नवी पुण्याहून येईपर्यंत आपण कच्ची डाळ खाल्ली, ते आठवतं. पहिल्या टेपची एक अख्खी बाजू मी त्या रिंगेवर बोललोय. काल तिने विचारलं, "आणि मोर्चे?" मी म्हटलं, हो, मोर्चे असायचे, त्या दिवशी पुढचा रस्ता बंद असायचा, मी लायब्ररीच्या मागून लॅबला जायचो. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच पाणी प्यायला उठलो.

ती कंटाळून उठून गेली तर संपलं. पुन्हा काही ती माझ्यासमोर बसायची नाही. तुला जे आठवत असेल ते ताबडतोब लिहून पाठव. खरं असलं तर उत्तम.

तुझा,
चारू

बॉथेल,
२१ जानेवारी १९८६

प्रिय चारू,

तुझं पत्र रेखाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दोघंही इंजिनियर ना, मग बरोबर आहे.

मलाही काही आठवत नाही. फार डोकं खाजवल्यावर एवढंच निघालं, की वांगी फक्त स्टेशनमागच्या इटालियन दुकानात मिळायची. म्हणून शनिवारी इथल्या लायब्ररीतून त्या दशकावरची जाडजूड पुस्तकं आणली आणि वाचून थक्क झालो. केवढं काय काय चाललं होतं, आणि त्यातलं निम्मं आपल्या खिडकीखालून जात होतं! आपण खिडकी लावून घेत होतो, हीटरची ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.

पण घाबरू नकोस. पुस्तकांत बघून तुझ्यासाठी दोनतीन आठवणी तयार केल्या आहेत. पहिली म्हणजे केस. इथे लिहिलंय की ज्यांना समाज बदलायचा होता त्यांनी केस वाढवले. तुझे केस कॉलरखाली आले होतेच. आता ते का आले होते हे कशाला सांगतोस? चौकातला तो न्हावी आपल्याला बघितलं की 'आज गर्दी आहे, उद्या या' म्हणायचा, आणि माझ्या हातातल्या कात्रीवर तुझा विश्वास नव्हता. कारण गाळ, केस ठेव. दुसरं, तिने संगीताचं विचारलं तर डोळे मिटून मान हलव आणि म्हण, ते शब्दांत सांगता येणार नाही.

फक्त ती ऑफिसच्या बिल्डिंगमधली पंगत काढू नकोस. पोरीच्या मनातून साफ उतरशील.

तुझा,
श्रीरंग

सांता क्लारा,
९ फेब्रुवारी १९८६

प्रिय श्रीरंग,

केस चालले. सुलेखा म्हणाली, "डॅड, यू?" आणि चक्क खुर्ची पुढे ओढून बसली. संगीतावर डोळे मिटले तेही चाललं. आठवडाभर मी हवेत होतो.

आणि मग पंगत उपटली. मी काढली नाही रे, तीच घेऊन आली. शाळेच्या लायब्ररीत त्या दशकाचं एक मोठं चित्रांचं पुस्तक आहे. त्यात पानभर माझा फोटो आहे. मांडी घातलेला मी, आणि तशा मांडीसकट मला उचलून नेणारे चार पोलीस, थेट विसर्जनाला निघालेल्या गणपतीसारखा. हातात अर्धं सँडविच, डोळे मिटलेले, तोंड उघडं. खाली लिहिलंय: 'शेवटपर्यंत उठायला नकार देणारा अज्ञात परदेशी विद्यार्थी, आपल्या भाषेत घोषणा देताना. मे १९६८.'

तू त्या दिवशी लॅबमध्ये होतास, म्हणून पुन्हा सांगतो. मलाच एकदा नीट लावून बघायचंय. मी फीची पावती आणायला त्या बिल्डिंगमध्ये गेलो. कॉरिडॉरमध्ये दोन्ही भिंतींना पाठ लावून पोरंपोरी मांडी घालून ओळीने बसलेली, आणि एक मुलगी टोपलीतून सँडविचं वाढत येत होती. आता याला आपण काय म्हणणार? सकाळपासून पोटात काही नव्हतं. एक जागा दिसली, बसलो. शेंगदाण्याच्या लोण्याचं सँडविच होतं, म्हणजे शाकाहारी. सवयीने त्याच्याभोवती पाणी फिरवलं. शेजारी डेनीस नावाची काळी मुलगी होती, तिने ते बघितलं आणि आपल्यापुढेही पाण्याची रेघ काढली. मग तिच्या पलीकडच्याने. बघता बघता सगळी ओळ पाणी फिरवायला लागली. त्याचाही फोटो पुस्तकात आहे: 'पोलिसांनी ओलांडू नये अशी सीमारेषा आखताना निदर्शक.'

मग पोलीस आले आणि म्हणाले, उठा. मी कसा उठणार? डेनीसचं खाणं व्हायचं होतं. पंगतीतून मध्येच उठायचं नाही, हे मला माझ्या आजोळी पाठीत धपाटे घालून शिकवलंय. मी त्यांना सांगितलं, 'शी इज स्टिल ईटिंग.' त्यांनी मला उचललं. म्हटलं, निदान वाढणारीला चार शब्द बोलावेत. म्हणून मोठ्यांदा 'अन्नदाता सुखी भव' म्हटलं. ती घोषणा. बाहेर हिरवळीवर ठेवलं, मी पोलिसांचे आभार मानले आणि लॅबला गेलो.

सुलेखाने ते पुस्तक माझ्यासमोर उघडलं. तिचे डोळे भरलेले होते. "डॅड, तू हे मला कधी सांगितलं का नाहीस?" म्हणाली, आणि मला मिठी मारली. श्रीरंग, ही पोर प्राथमिक शाळेत होती तेव्हापासून मला तिने मिठी मारलेली नाही. अशा वेळी मी 'बाळा, मी जेवायला बसलो होतो' म्हणायला हवं होतं का? मी म्हटलं, "माणसाने आपण केलेल्याचा गवगवा करू नये."

आता मिसेस डोलननी मला एकवीस मार्चला सगळ्या शाळेपुढे भाषणाला बोलावलंय. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष विष्णू फाटक यांना कुठून तरी कळलं. ते शाल आणि नारळ घेऊन येणार आहेत. फोटोत मी 'वंदे मातरम्' म्हणतोय असं त्यांनी मंडळाच्या पत्रकात छापूनही टाकलं.

कळव, मी कशासाठी बसलो होतो?

तुझा,
चारू

सांता क्लारा,
२३ फेब्रुवारी १९८६

ती. श्रीरंगकाका,
साष्टांग नमस्कार.

हे मराठी मी स्वतः लिहीत आहे. मंडळाच्या रविवारच्या क्लासमध्ये शिकले. आई म्हणाली, काकांना लिहायचं तर मराठीत लिही. तिने फक्त ऱ्हस्व-दीर्घ चेक केलं आहे. आत काय आहे ते तिने वाचलं नाही, असं तिने प्रॉमिस केलं आहे.

काका, मला तुम्हाला दुसरा साक्षीदार म्हणून विचारायचं आहे. मिसेस डोलन म्हणतात की एका माणसावर विश्वास ठेवला तर ती हिस्ट्री नाही, ती फॅमिली आहे.

मी डॅडला विचारलं, तुमची डिमांड काय होती? तो म्हणाला, "न्याय." मी विचारलं, कसला न्याय? तो म्हणाला, लॉनचा स्प्रिंकलर चालू राहिला आहे, आणि बाहेर गेला. काका, आमच्याकडे स्प्रिंकलर नाही.

मग मी पुस्तकात वाचलं. गावातले काही घरमालक काळ्या आणि परदेशी मुलांना खोली देत नव्हते, तरी युनिव्हर्सिटी त्यांची नावं आपल्या यादीत ठेवत होती. ती नावं काढा, ही डिमांड होती. मी डॅडला विचारलं, तुम्हाला खोली मिळायला त्रास झाला का? तो म्हणाला, "छे गं, अजिबात नाही. फक्त आम्ही प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचायचो. आत्ताच खोली गेली, असं सांगायचे. अमेरिकन लोक फार वक्तशीर. म्हणून आम्ही गजराचं घड्याळ घेतलं."

काका, हे खरं आहे का? डॅड जोक करत होता का? तो हसत नव्हता.

तुमची,
सुलेखा

बॉथेल,
३ मार्च १९८६

चि. सुलेखा,
अनेक आशीर्वाद.

तुझं मराठी माझ्यापेक्षा बरं आहे, बाबापेक्षा तर नक्कीच.

घड्याळाचं खरं आहे. हिरव्या रंगाचं होतं आणि फार जोरात वाजायचं. आधी आम्ही आठला निघायचो. खोली गेलेली. मग सातला. तरी गेलेली. मग सहाला उठून जायला लागलो. एका बाई तर गाऊनमध्ये दार उघडून म्हणाल्या, 'आत्ताच गेली.' आम्हाला वाटलं, एवढ्या पहाटे येणारी ही कोण भाग्यवान माणसं असतील! तुझ्या बाबाने तेव्हा एक गोष्ट केली. त्या बाईंच्या हिरवळीवर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच होती. बाबा म्हणाला, विसरल्या वाटतं, आणखी कुणाचा हेलपाटा व्हायला नको. त्याने ती पाटी उपटली, पुन्हा बेल वाजवली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. आम्हाला वाटलं, त्यांना आपल्या विसरभोळेपणाची लाज वाटली.

शेवटी एका म्हाताऱ्या पोलिश माणसाने खोली दिली. त्याच्याकडे आम्ही भरदुपारी गेलो होतो. तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. सुलेखा, तुझं पत्र येईपर्यंत मला हे कळलेलं नव्हतं. जवळजवळ वीस वर्षं मी ही घड्याळाची गोष्ट लोकांना हसत हसत सांगत आलो. आता नाही सांगवणार.

बाकी तो फोटो म्हणजे मजाच आहे. तुझा बाबा फीची पावती आणायला जातो काय, पंगत समजून जेवायला बसतो काय आणि पुस्तकात छापून येतो काय! हे तू त्याच्या तोंडून ऐकलंच असशील.

तुझा,
श्रीरंगकाका

सांता क्लारा,
११ मार्च १९८६

श्रीरंग,

गाढवा, तिने हे ऐकलेलं नव्हतं!

तुझं पत्र तिने शनिवारी वाचलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तेव्हापासून जेवायला खाली येते, ताटाकडे बघून जेवते आणि परत वर जाते. टेपरेकॉर्डर टेबलावर तसाच आहे. काल मी उगाचच लाल बटण दाबून बघितलं आणि एकटाच बसलो. मालिनीने विचारलं, काय करताय? म्हटलं, मशीन चालतंय का बघतोय. त्या टेपवर आता फक्त फ्रिजचा आवाज आहे.

इतके दिवस ती मला कुणी तरी समजत होती. दहा दिवसांनी भाषण आहे, फाटकांनी शंभर निमंत्रणं वाटलीत, आणि मी काय बोलू? घसा बसला म्हणून सांगू का?

चारू

बॉथेल,
१५ मार्च १९८६

चारू,

चूक झाली, मान्य. मला वाटलं, फोटो सापडला म्हणजे गोष्टही सांगून झाली असणार. जानेवारीपासून तुझ्या लेकीला खोटं पुरवत होतो तोवर सगळं सुरळीत होतं. एकदाच खरं लिहिलं आणि हा घोटाळा झाला. तेव्हा माझा सल्ला ऐकू नकोस. पण ऐकणार असलास तर घसा बसवू नकोस, जाऊन जे झालं ते सांग.

आणखी एक. तो चौकातला न्हावी आठवतो? 'आज गर्दी आहे' म्हणायचा तेव्हा त्याच्या खुर्च्या रिकाम्या असायच्या रे. काल इथे केस कापायला गेलो. न्हावी 'या, बसा' म्हणाला आणि मला एकदम रडू फुटलं. त्याला वाटलं, टक्कल पडतंय म्हणून. त्याने मला एक तेल दिलं.

श्रीरंग

सांता क्लारा,
३० मार्च १९८६

प्रिय श्रीरंग,

झालं एकदाचं. सविस्तर लिहितो, कारण फाटक तुला फोन करून वेगळंच सांगतील.

फाटकांना शाळेच्या दारातच अडवलं. व्हाइस प्रिन्सिपॉलचं म्हणणं, नारळ ही फेकून मारण्याजोगी वस्तू आहे, आत नेता येणार नाही. फाटक म्हणाले, हा आमच्या संस्कृतीचा अपमान आहे, आणि दारातच मांडी घालून बसले. शेवटी नारळाला एका शिपायासोबत पहिल्या रांगेत जागा मिळाली.

मिसेस डोलनना प्रात्यक्षिकाची फार हौस. त्यांनी मला न विचारता फुटबॉल टीमची चार दांडगी पोरं पोलीस म्हणून उभी केली होती. मी स्टेजवर मांडी घालून बसलो न बसलो तोच त्यांनी मला उचललं. अडुसष्टपेक्षा माझं वजन बरंच वाढलंय हे तू जाणतोस. पोरं लटपटायला लागली. मला वाटलं, आता हे मला टाकणार, त्याआधी बोलून घ्यावं. म्हणून मी भाषण हवेतच सुरू केलं. म्हटलं, "मुलांनो, मी निदर्शनाला बसलो नव्हतो. मी जेवायला बसलो होतो."

सगळं सभागृह जे हसायला लागलं! पोरांनी मला कसंबसं खाली ठेवलं. फाटक उभे राहून ओरडले, "ही इज बीइंग मॉडेस्ट! हा त्यांचा विनय आहे!" मी सुलेखाला शोधत होतो. ती मागे भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. हसत नव्हती.

मग एका मुलाने विचारलं, सर, जेवायलाच बसला होता तर पोलीस आल्यावर उठला का नाहीत? मी म्हटलं, शेजारच्या मुलीचं खाऊन व्हायचं होतं. आमच्याकडे शेजारच्याचं होईपर्यंत उठत नाहीत. यावर कुणी हसलं नाही. मिसेस डोलननी नाक पुसलं आणि ते वाक्य फळ्यावर लिहिलं. मला संकोच वाटला, म्हणून जरा हलकंफुलकं करावं म्हणून मी घड्याळाची गोष्ट सांगितली. सहाचा गजर, गाऊनमधल्या बाई, पाटी उपटून दिली, सगळं रंगवून सांगितलं. मी हशासाठी थांबलो आणि थांबूनच राहिलो. मग एका काळ्या मुलीने हात वर केला आणि विचारलं, "ते सगळे तुमच्यासाठीही बसले होते, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?" मी म्हटलं, नाही. गेल्या महिन्यात माझ्या मुलीने शोधून काढलं, तेव्हा कळलं.

परत येताना सुलेखा गाडी चालवत होती. नवीन परमिट मिळालंय, मी शेजारी जीव मुठीत धरून बसलो होतो. सिग्नलला थांबलो तेव्हा मीच म्हटलं, "बाळा, मी तुला फसवलं. तुला वाटला तसा मी नाही." ती समोर बघत म्हणाली, "डॅड, आय वॉझंट मॅड अबाउट द सँडविच. मला सँडविचचा राग नव्हता आला. मला त्या घड्याळाचा आला. तुम्ही दोघं रोज आणखी लवकर उठत होता. आणि तुला अजून त्या लोकांचा राग येत नाही, म्हणून मला एकटीला दोघांचा राग येत होता. मला खाली येऊन तुझ्याशी बोलताच येईना." मी म्हटलं, "घड्याळ चांगलं होतं गं." ती हसायला लागली, मग रडायला लागली, सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना आणि मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले. मला पहिल्यांदाच त्या गाऊनवाल्या बाईंचा राग आला. चांगलाच आला. घरी येईपर्यंत टिकला.

प्रबंधाला 'बी' ग्रेड मिळाली. मिसेस डोलननी शेरा मारलाय: 'संशोधन उत्तम. साक्षीदार प्रामाणिक, पण आपण कोणत्या दशकात आहोत याची त्याला कल्पना नव्हती.' मंडळाने शाल दिलीच. पत्रकात आलंय, की मी काळ्या बंधुभगिनींना अन्नदान केलं.

प्रबंध शुक्रवारी परत मिळाला. म्हणजे विषय संपला. शनिवारी जेवण झाल्यावर मी ताट उचलून उठणार होतो. म्हटलं, आता कशाला बसायचं? तर सुलेखा समोर येऊन बसली. टेपरेकॉर्डर नव्हता, वही नव्हती. म्हणाली, "सो, डॅड. सत्तरचं दशक."

मला घाम फुटला. पण या खेपेला खोटं बोलायचा जीवच झाला नाही. म्हटलं, "बाळा, सत्तरातलंही मला काही आठवत नाही. सत्तर साली तू झालीस, एवढंच आठवतं."

ती म्हणाली, "मग तिथून सुरू कर."

मी सुरू केलं. म्हटलं, "त्या दिवशी बाहेर नुसता बर्फ पडत होता." स्वयंपाकघरातून मालिनी ओरडली, "अहो, जुलै होता!" सुलेखाने खुर्ची पुढे ओढली, हनुवटीखाली हात ठेवला आणि म्हणाली, "गो ऑन, डॅड. पडू दे बर्फ."

तुझा,
चारू